दाजी, तुमी आधी

माझ्या नवऱ्याच्या हातात सगळ्यात चांगली बंदूक कोणी दिली, तर माझ्या भावांनी. मी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण घरात हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात.

खेळ तसा समजायला सोपा आहे. ओसाड पडलेल्या एका शहरात चार माणसं अडकलेली असतात आणि मेलेले लोक उठून त्यांच्या अंगावर येत असतात. चौघांनी एकमेकांना सांभाळत एका सुरक्षित खोलीतून दुसऱ्या सुरक्षित खोलीपर्यंत जायचं आणि शेवटी नदीच्या धक्क्यावर येणारी बोट गाठायची. कोणी जखमी होऊन पडलं तर त्याला आपलं आपण उठता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी जवळ जाऊन, वाकून, थोडा वेळ तिथंच थांबून त्याला उचलावं लागतं. वेळेत कोणी आलं नाही तर तो मेला. मग राहिलेला खेळ त्यानं नुसता बघत बसायचा. कानाला हेडफोन लावला की चौघं चार ठिकाणी असली तरी एकमेकांशी बोलता येतं. हे बोलणं माझ्यासाठी खेळापेक्षा मोठं होतं, आणि माझी सगळी चिडचिड त्यापायीच आहे.

माझं माहेर विट्याचं. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं वितळवून, शुद्ध करून द्यायचं काम. त्यासाठी कुठल्या कुठल्या गावांत दुकानं टाकून बसलेली. माझे दोन्ही भाऊ त्यातलेच. मधला तामिळनाडूत, धाकटा उत्तर प्रदेशात. मी सगळ्यांत थोरली, इस्लामपुरात दिलेली, इथल्या एका पतसंस्थेत कॅशियर. लग्नानंतर भावांचा आणि माझा संबंध राहिला तो फोनपुरता. त्या फोनवरचं बोलणं मी झोपेतही म्हणून दाखवीन. "आक्का, बरी हायस का?" "बरी हाय. तू?" "बरा हाय. दाजी?" "बरं हायत." संपलं. ठेवला फोन. ज्यांना मी काखेत घेऊन वाढवलं, त्या पोरांशी मला बोलायला एवढंच शिल्लक राहिलं होतं.

एका दिवाळीत धाकट्यानं माझ्या लॅपटॉपवर हा खेळ घालून दिला. रविवारी दुपारी सराफ बाजार बंद असतो. ते दोघं आपापल्या दुकानाच्या माडीवर, मी इथं आतल्या खोलीत. चौथा गडी कॉम्प्युटर आपणच चालवायचा. तो मुका होता, पण कामाला चोख.

आणि काय सांगू, मला तो खेळ जमला! पहिल्या दोन-तीन रविवारी मी किंचाळून घर डोक्यावर घेतलं असेल, पण नंतर हात बसला. कोणत्या गल्लीनं जायचं, गोळ्या कुठं राखायच्या, दार कधी लावायचं, हे मी ठरवायला लागले. भाऊ ऐकायचे. त्या मेलेल्या लोकांना आम्ही 'गिऱ्हाईक' म्हणायचो. "आक्का, मागच्या दारानं गिऱ्हाईक आलं!" असं धाकटा ओरडला की मी म्हणायची, "त्याला बसवून घे, आले मी." सुरक्षित खोली म्हणजे 'दुकान'. दार लावलं की मधला म्हणायचा, "चला, दुकान बंद." आम्ही एकमेकांना शिव्या घालायचो. धाकटा फुकट गोळ्या उडवायला लागला की मी त्याला असं काही बोलायची, की पतसंस्थेतल्या बायकांनी ऐकलं असतं तर त्या माझ्याशेजारी डबा खायला बसल्या नसत्या.

हात कामात असले की माणूस बोलतो. समोर बसून कोणी विचारलं असतं तर माझे भाऊ मेले असते पण बोलले नसते. इथं एका बाजूला गोळ्या चालल्यात आणि दुसऱ्या बाजूला धाकटा सांगतोय, की बघायला गेलेल्या पोरीनं नकार दिला, कारण तिला परमुलखात राहायचं नव्हतं. "सोड रं, डावीकडं बघ," मी म्हणायची, आणि तो डावीकडं बघत बघत उरलेलं सांगायचा. रविवारची ती दुपार माझी होती. आठवडाभर मी नोटा मोजत तिची वाट बघायची.

एका रविवारी आम्ही तिघं दुकानात दार लावून बसलो होतो. मधला म्हणाला, "आक्का, एक सांगू का? मला आता परत यायचंय गं. त्या ॲसिडच्या धुरात जीव रमत न्हाई. छाती भरून येतीय. कुणाला बोललो न्हाई अजून." मी म्हटलं, "थांब, दार उघडू नका कुणी. आता नीट सांग."

तेवढ्यात माझ्या मागं नवरा येऊन उभा राहिला.

माझा नवरा माणूस चांगला आहे, हेही आधीच सांगून टाकते. साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. गळीत हंगाम चालू असला की पाळी करून येतो, जेवतो, झोपतो. त्या वेळी हंगाम नुकताच संपला होता आणि रविवारचा दिवस त्याला खायला उठायचा. त्यानं माझा एक हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाला, "काय चाललंय बहीण-भावाचं? मला पण घ्या की."

"दाजी!" मधला एकदम म्हणाला. त्याचा आवाजच बदलला. माडीवर बसल्या जागी तो उठून उभा राहिला असणार, माझी खात्री आहे. "नमस्कार दाजी. या की, या. लय बरं झालं."

मुका गडी गेला आणि दाजी आले.

जावयाचा मान म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बहिणीचा नवरा घरात आला की गादी त्याची, पहिलं ताट त्याचं, रश्श्यातली चांगली फोड त्याची. तो चुकत नाही. तो चुकला तर त्याचं काहीतरी कारण असतं. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाला असतो, तेव्हा धाकट्यानं असा भीतभीत हात लावला होता, की फोटोवाल्याला पुन्हा पिळायला सांगावं लागलं. हे सगळं मला माहीत होतं. ते खेळातही चालेल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी काय झालं बघा. सुरक्षित खोलीचं दार समोर, मागून गिऱ्हाइकांची झुंड. धावत सुटायचं, आत शिरायचं, दार लावायचं. मी सगळ्यांत शेवटी होते. बघते तर दोघं भाऊ दाराबाहेर दोन बाजूंना उभे. आत कोणीच जाईना.

"आत जावा की रं!" मी ओरडले.

"दाजी, तुमी आधी," मधला म्हणत होता.

"चला की तुमी, मी आलोच," दाजी म्हणत होते. ते लांब कुठंतरी एका टपरीत शिरून कपाट उघडून बघत होते.

"न्हाई न्हाई दाजी, तुमी आधी. मग आमी."

आम्ही तिघं दारात मेलो, दाजी टपरीत. मला इतका राग आला, की मी हेडफोन काढून टेबलावर आपटला. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. त्यानं मोबाइलवर खेळ घेतला होता आणि बाहेर कोचावर पाय पसरून बसला होता. "मजा आली गड्या," तो म्हणत होता.

त्याचं खेळणं कसं, तर कोणत्याही गोष्टीला हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बॉयलरवरचा माणूस, प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवून बघायची सवय. खेळात रस्त्यावर काही गाड्या उभ्या असतात, त्यांना गोळी लागली की भोंगा वाजतो आणि सगळं शहर अंगावर येतं. पोरासोरांनाही हे एकदा सांगितलं की कळतं. दाजींनी तो भोंगा दर रविवारी वाजवला. आणि भाऊ काय म्हणायचे? "असू द्या दाजी, हुतं असं." एकदा त्यांनी पेट्रोलची पेटती बाटली आमच्याच अंगावर टाकली. धाकटा जळत होता, अक्षरशः जळत होता, आणि जळता जळता म्हणत होता, "काय न्हाई दाजी, थोडंसंच हाय." हेच मी केलं असतं तर त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्याच्याच सात पिढ्या त्या, पण काढल्या असत्या.

नवी बंदूक सापडली की दाजींना. मलमपट्टीचा डबा सापडला की दाजींना, मग दाजींना खरचटलेलंही नसो. मी रक्तबंबाळ होऊन लंगडत चाललेली असायची आणि माझा भाऊ मला ओलांडून तो डबा घेऊन पुढं पळायचा. "आक्का, पुढच्या खोलीत मिळंल तुला." मी कोण होते आता? थोड्या दिवसांपूर्वी गल्ली मी ठरवत होते. आता मी म्हटलं, "उजवीकडनं चला," की मधला विचारायचा, "दाजी, तुमचं काय मत?" दाजींना तो नकाशा उलटा की सुलटा हेही कळत नव्हतं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खेळात हरलं तर काय, पुन्हा चालू करता येतो. मला सोसवलं नाही ते दुसरंच. बोलणं बंद झालं. शिव्या बंद, थट्टा बंद. 'गिऱ्हाईक' सुद्धा बंद, कारण दाजींपुढं धंद्याची थट्टा कशी करायची? हेडफोनमध्ये आता नुसतं, "बरं दाजी", "व्हय दाजी", "या दाजी." मधल्याच्या छातीचं काय झालं, तो परत येणार होता त्याचं काय झालं, मला कळेना. फोन केला तर म्हणाला, "काय न्हाई गं, आसंच बोललो हुतो. दाजी बरं हायत का?" म्हणजे आम्ही पुन्हा जिथल्या तिथं.

मी नवऱ्याशी बोलले. भाकरी थापता थापता सरळ सांगितलं, "आवं, तुम्ही आलात की ती पोरं खेळत न्हाईत. तुमचं आदरातिथ्य करत बसतात."

"मी कुठं म्हणतो माझा मान ठेवा म्हणून?" तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. "मी सांगतो त्यास्नी."

पुढच्या रविवारी त्यानं सांगितलंही. "हे बघा रं, खेळताना मला दाजी म्हणायचं न्हाई. चुकलो तर हाणा मला."

"व्हय दाजी," दोघं एकदम म्हणाले.

मी हसले नाही. नवरा मात्र खूप हसला, आणि मला दिसलं की त्याला ते आवडलं आहे. का नाही आवडणार? कारखान्यात त्याला साहेब लोक दिवसभर ओरडतात. इथं दोन तरणीताठी पोरं त्याच्यासाठी आगीत उड्या टाकत होती.

मग मी एक चोरटा बेत केला. नवरा दुपारी कामावर होता अशा एका बुधवारी मी पतसंस्थेतून अर्धी रजा काढली आणि भावांना कळवलं, की आज आपण तिघंच खेळू, तासभर दुकान कामगारावर सोडा. दोघं आले. मी दार लावलं आणि मधल्याला म्हटलं, "आता सांग, काय म्हणत हुतास तवा?"

मग धाकटा म्हणाला, "आक्का, दाजींना ठाव हाय का आपण खेळतोय ते?"

"त्यांना कशाला ठाव पाहिजे?"

"बरं न्हाई दिसत गं ते," मधला म्हणाला. "उद्या त्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? बहीण-भावांनी आपल्याला वगळलं. नको. रविवारी बसू की सगळी."

आणि दोघं एका पाठोपाठ एक निघून गेले. पडद्यावर मी आणि तीन मुके गडी. मी लॅपटॉप मिटला आणि रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. अर्धी रजा तर गेलीच होती.

असं करत करत पावसाळा संपत आला. शेवटचा टप्पा, बोटीचा, आम्हाला काही पार होईना. दर रविवारी धक्क्यापर्यंत जायचो आणि तिथं मरायचो. तिथं काम असं, की एकानं मागं राहून फाटक बंद करायचं, बाकीच्यांनी धक्क्यावर उभं राहून बोट येईपर्यंत तग धरायचा. बोट आली की फार थांबत नाही. जे चढले ते वाचले.

त्या रविवारी मी ठरवलं होतं की आज संपवायचंच. संपलं की दाजींचा उत्साह ओसरेल, तेही पुन्हा दुसरं काहीतरी उघडून बघायला जातील, आणि माझे भाऊ मला परत मिळतील. हा माझा हिशोब. मी म्हटलं, "कुणी काय बोलू नका. मी सांगते तसं करा. दाजींना धक्क्यावर घेऊन जा, फाटक मी लावते."

आणि ते जमत गेलं! दाजींनी एकदाही भोंगा वाजवला नाही. मी फाटकाचा दांडा खाली ओढला, झुंड माझ्या अंगावर घेतली, गल्लीतून फिरवून आणली, आणि धक्क्याच्या पायऱ्यांपाशी मी पडले. बोटीचा आवाज येत होता. मी पायऱ्यांवर, भाऊ वीस पावलांवर. काहीच अवघड नव्हतं. एकानं खाली यायचं, मला उचलायचं, दोघांनी पळायचं.

"मी पडले. पायरीवर हाय. एकजण या," मी म्हटलं.

त्याच वेळी पार त्या टोकाला दाजी पडले. ते तिथं काय करत होते, देव जाणे. धक्क्याच्या कडेला एक पेटी होती, ती उघडायला गेले असणार.

माझ्या पडद्यावर मला दिसत होतं. दोन्ही भाऊ वळले. दोघंही. दोघंही माझ्याकडं पाठ करून त्या टोकाला पळत सुटले. एक गेला असता तरी चाललं असतं, एक माझ्याकडं, एक तिकडं, दोघंही उठलो असतो. मी ओरडले, "अरे एकजण इकडं या की! मी जवळ हाय!"

"आक्का, थांब जरा, दाजी पडल्यात," मधला धापा टाकत म्हणाला. आणि मग धाकट्याला, अगदी सहज, मी ऐकत नसल्यासारखं, "तू दाजींना कव्हर दे. आक्का समजून घेतीय."

मी मेले. पडदा काळा-पांढरा झाला आणि मला त्या तिघांना नुसतं बघत बसावं लागलं. त्यांनी दाजींना उचललं, बोटीत दाजींना आधी चढू दिलं, मग ते चढले. बोट सुटली. तिघं वाचले, असं पडद्यावर लिहून आलं आणि खाली माझ्या चित्रावर फुली. बाहेरच्या खोलीत नवऱ्यानं आरोळी ठोकली. हेडफोनमध्ये धाकटा म्हणत होता, "दाजींनी काढली बघा म्याच!" नवरा आत आला, आनंदानं अगदी फुलून गेला होता. त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "जिंकलो की गं! तू कुठं होतीस?"

मी उठून चहा टाकला. दुसरं काय करणार होते? कप घेऊन तो शेजाऱ्यांना सांगायला बाहेर गेला, आणि माझा फोन वाजला. मधला होता.

"आक्का, राग न्हाई ना आला?"

"आलाय."

मग म्हणाला, "दाजी खूश झालं ना पण?"

"झालं."

"मग बास की. ते खूश असलं की तुझं तिकडं बरं जातंय."

मी कप खाली ठेवला. "माझं इथं वाईट कवा जात हुतं रं?"

"तसं न्हाई गं. आमी पडलो लांब. उद्या तुला काय झालं, कोण काय बोललं, तर गाडी धरून यायला आमाला दोन दिस लागत्यात. म्हणून आधीच बरं ठेवतो आमी त्यास्नी. आपल्या आबांनी पण तेच केलं की आयुष्यभर, आत्त्यांच्या घरी."

एवढी वर्षं मी समजत होते, की तो मान रीत म्हणून चाललाय. तो हप्त्यासारखा माझ्या नावानं भरला जात होता, मला न विचारता, आणि तो भरताना प्रत्येक वेळी मलाच बाजूला ठेवायला लागत होतं. राग गेला नाही. उलट तो कुणावर काढायचा तेच कळेना, आणि त्यानं मी आणखी चिडले.

"तू परत यायचं म्हणत हुतास," मी म्हटलं. "त्याचं काय?"

"दाजींच्या कानावर न्हाई ना घातलंस?"

"न्हाई."

"नको घालू. मेव्हणा हात हालवत माघारी आला, असं वाटायला नको त्यास्नी. तुझीच मान खाली जाईल."

"छाती कशी हाय?"

"हाय आपली."

तो खोकला. फोन लांब धरून खोकला, मला ऐकू येऊ नये म्हणून, तरी आलं.

"एक काम कर माझं," मी म्हटलं.

"सांग की आक्का. काय बी सांग."

"फुडच्या रविवारी आमी दोघं पडलो, तर आधी मला उचल."

त्याच्या माडीवरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी कानावरून काढून बघितलंही. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "आन दाजी?"